तारकाबाईच्या ताब्यातले कागद

ट्रंकेचं झाकण वर गेलं आणि आत काहीच नव्हतं.

अगदीच काही नव्हतं असं नाही. तळाला कडुलिंबाचा पाला होता, वाळून तपकिरी झालेला, बोट लावलं की भुगा होणारा. पण देवळासमोर सतरंज्या अंथरून, सगळी मंडळी गोळा करून, पुण्याच्या बाईंना पुढच्या खुर्चीवर बसवून, वर पाळकसाहेबांची लांबलचक प्रार्थना करवून जी ट्रंक उघडली तिच्यातून पाला निघाला. आता ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मला तर हसू फुटत होतं. मी पदर तोंडाला लावला.

शिमोन मास्तर मात्र हसत नव्हते. शिमोन वैरागर म्हणजे आमच्या शेवरवाडीच्या ख्रिस्ती मंडळीचे मुख्य पंच, आणि तालुक्याच्या हायस्कुलाचे हेडमास्तर. देवळातसुद्धा असे बोलायचे की समोर नापास पोरं बसलीत. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. त्या वर्षी आमच्या देवळाला शंभर वर्षं भरत होती आणि मास्तरांना पुस्तक काढायचं होतं. पुस्तकात त्यांचा आजा पहिल्या पानावर बसणार होता, कारण गावात पहिला बाप्तिस्मा त्याचा. त्यासाठी जुने कागद पाहिजे होते. आणि जुने कागद ह्या ट्रंकेत आहेत असं सगळं गाव धरून चाललं होतं.

ट्रंक विटकम मडमसाहेबांची. इंग्रजांच्या राज्यात त्या मिशनच्या बंगल्यात राहायच्या, बायकांत काम करायच्या. राज्य गेलं त्याच्या पुढच्या वर्षी त्या अमेरिकेला परत गेल्या आणि जाताना ही ट्रंक कुलूप लावून माझ्या सासूच्या ताब्यात देऊन गेल्या. माझी सासू म्हणजे तारकाबाई भिंगारदिवे, मिशनची बायबलबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. ऊन असो, चिखल असो, गावोगाव, घरोघर जायचं, बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवायचं, तापलेल्या पोराला औषध द्यायचं, अडलेल्या बाईपाशी बसायचं, हे त्यांचं काम. किल्ली त्यांच्या कमरेला असायची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती ट्रंक मी बघत होते. तिच्यावर आम्ही गोधड्यांची चळत ठेवायचो. उघडलेली कधी बघितली नव्हती.

पुण्याच्या बाईंचं नाव नीलिमा उजागरे. आपल्यातलीच पोर, पण शिकून मोठी झालेली. तिकडे पाळक घडवायच्या शाळेत जुन्या मिशनचे कागद जपून ठेवायची खोली आहे, तिथे नोकरीला. तिला अमेरिकेहून मडमसाहेबांच्या एका पत्राची नक्कल आली होती. ती तिनं उभं राहून वाचून दाखवली. त्यात लिहिलं होतं की बायकांच्या घरभेटींचे सगळे कागद तारकाबाईच्या ताब्यात सुरक्षित आहेत.

"सुरक्षित," मास्तर म्हणाले आणि पाल्याकडे बोट केलं. मग देवळाच्या ओट्यावर बसलेल्या आत्याबाईंकडे वळले. "तारकाबाई, कागद विकलेत का?"

"नाही."

"जाळलेत?"

"नाही."

"फाडलेत?"

"कागदाचा एक तुकडा फाडला नाही मी."

"मग कुठे आहेत?"

आत्याबाईंनी मास्तरांवरून नजर काढून ट्रंकेकडे नेली. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, पाठीला बाक, तोंडात दात नाही, पण मान अशी ताठ की बघणाऱ्याची मान दुखावी. तीनदा विचारलं. तीनदा गप्प.

मग मास्तर मंडळीकडे वळले आणि म्हणाले की आमच्या मिशनचा इतिहास वाण्याच्या दुकानात गुळाच्या पुड्या बांधायला गेला, दुसरं काय. इंग्रजी लिहिलेल्या पुड्या त्यांनी लहानपणी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या होत्या म्हणे.

आता माझी जीभ गावाला माहीत आहे. मी तिसरीपर्यंत शिकले, तेवढ्यात अक्षर ओळखायला आलं, बाकी मला जे येतं ते तोंडानं येतं. मी उभी राहिले आणि म्हणाले की मास्तर, पुड्या बघितल्यात म्हणता, तेव्हा तुम्हाला इंग्रजी तरी येत होतं का? का गूळ चाटून कळलं? बायका फिसकन हसल्या. मास्तरांचे कान लाल झाले. पण हसण्यानं काही होत नाही. संध्याकाळी पंचांची बैठक बसली आणि निरोप आला: तारकाबाईंनी रविवारच्या आत कागदांचं खरं सांगावं. नाही सांगितलं तर रविवारी त्यांना प्रभुभोजन मिळणार नाही.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून सांगते. प्रभुभोजन म्हणजे भाकरीचा चिमूटभर तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. पंच तबक घेऊन रांगेतून फिरतात, आपण घेतो. एवढंच. पण ज्याच्या पुढून ते तबक न थांबता जातं त्याला मंडळीत तोंड राहत नाही. दारुडा, बायको टाकणारा, अशांना तसं करायचे. आणि ज्या बाईनं निम्म्या गावाला त्या मेजापाशी हाताला धरून आणलं, तिच्या पुढून तबक जाणार. ती मरायला टेकलेली असताना.

मी घरी आले ती कावलेलीच. आत्याबाई परसात बाजेवर चिंचा फोडत बसल्या होत्या, जसं काही झालंच नाही. मी विचारलं, रागावले, हात जोडले. माझे मालक तेव्हा दौंडला रेल्वेत होते, पंधरवड्यानं यायचे, म्हणजे घरात जे काय करायचं ते मीच. मी म्हणाले, आत्याबाई, ह्या घराचं नाव घालवलं त्यांनी. त्या म्हणाल्या, "नाव देवाच्या वहीत असतं, शिमोनच्या नाही." आणि पुढची चिंच घेतली. अशा माणसाशी काय भांडायचं.

नीलिमाबाई आमच्याच घरी उतरली होती. पाहुण्याला उतरवायचं म्हटलं की आमचंच घर, कारण आख्ख्या आळीत संडास आमच्याकडेच. वैरागरांकडे रेडिओ होता, संडास नव्हता. हे मी कुणाला सांगत नव्हते, पण कुणी विचारलं तर लपवतही नव्हते. पोर गुणी होती. मला राहेलकाकू म्हणायची, आत्याबाईंना आजी. कागद नाहीत म्हणून तिचा चेहरा उतरला होता, पण आत्याबाईंना तिनं एक वाकडा प्रश्न विचारला नाही.

शुक्रवारी दुपारी ती चुलीपाशी जेवायला बसली. मी भाकरी काढून वाढत होते. ज्या दुरडीतून काढत होते ती हातात घेऊन तिनं फिरवून बघितली. बांबूची दुरडी, आतून बाहेरून लिंपलेली, हळदीच्या रंगाची, तीस वर्षं वापरून काठ गुळगुळीत झालेला. तिनं विचारलं, काकू, ही कशानं लिंपलीय? मातीची तर वाटत नाही, किती हलकी आहे.

शहरातल्या माणसाला काही शिकवायला मिळालं की मला चेव येतो. मी सुरू झाले. म्हटलं, माती नाही गं बाई, कागद आहे हा. जुने कागद पाण्यात भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, शाई उतरते. मेथ्या भिजवून वाटायच्या आणि त्यात कालवायच्या, मेथीनं चिकटपणा येतो आणि कीड लागत नाही. मग उखळात कुटायचं, लोण्यासारखं होईपर्यंत. ते दुरडीला लिंपायचं, सावलीत वाळवायचं. भाकर मऊ राहते आणि दुरडी दोन पिढ्या टिकते.

"आणि ही तुम्ही केलीत?"

"नाही, ही आत्याबाईंच्या हातची. मी आले तेव्हा होतीच घरात. आमच्या आळीत सगळ्या जुन्या घरांत एकेक आहे त्यांनी करून दिलेली. मडमसाहेब गेल्या त्याच पावसाळ्यात त्यांनी म्हणे घरोघर..."

आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

नीलिमाबाई पेन्सिल काढून लिहून घेत होती. "एवढा कागद कुठून मिळायचा काकू, त्या काळी?"

"वर्तमानपत्रं," मी म्हणाले. "रद्दी." आणि तिच्या ताटात मिरचीचा ठेचा एवढा वाढला की पुढचा बराच वेळ तिला विचारायला तोंडच राहिलं नाही. बिचारी डोळे पुसत पाणी पीत होती.  ज्या इतिहासासाठी ती पुण्याहून आली होती तो तिच्या मांडीपाशी होता आणि त्यात भाकरी होत्या.

ती हात धुवायला गेली तशी मी परसात धावले. खरंच धावले, पन्नाशीला आलेली बाई, पदर खोचून.

"आत्याबाई, तुम्ही मडमसाहेबांचे कागद लिंपलेत."

त्यांनी चिंचोका बाजूला टाकला. "हळू बोल."

बास. त्या दोन शब्दांत मला सगळं मिळालं. मी बाजेच्या कडेला बसले आणि मग त्यांनी सांगितलं, चिंचा फोडता फोडता, खाली मान घालून.

रोज संध्याकाळी त्या फेरीवरून आल्या की मडमसाहेब त्यांना समोर बसवून विचारायच्या, आज कुठे गेलीस, कोण काय बोललं, आणि लिहून घ्यायच्या. मिशनचा तसा नियमच होता. बायकांच्या हकिकती तिमाहीला अमेरिकेला कळवाव्या लागत, कोण कशी अंधारातून उजेडात आली ते. आणि बायका काय बोलायच्या? कुणाला दीर त्रास देतो. कुणाचं पोर कुणाचं आहे. कुणी विहिरीच्या काठावर जाऊन परत आली. कुणी येशूच्या प्रेमानं आली आणि कुणी सासूच्या भीतीनं.

"बायका माझ्यापाशी बोलल्या होत्या," आत्याबाई म्हणाल्या, "वहीपाशी नाही. मला कळायला उशीर झाला की ते नावागावासकट उतरतंय."

मडमसाहेब जायच्या वेळी हुकूम आला की सगळे कागद शहरातल्या कचेरीत जमा करा. त्या कचेरीतला कारकून आमच्या आळीचा जावई. कागद तिथे गेले असते तर आठ दिवसांत निम्म्या आळीत भांडी फुटली असती आणि उरलेल्या आळीत डोकी. मडमसाहेब रडल्या. पण हुकुमात लिहिलं होतं की कोणताही कागद जाळू नये, फाडू नये, विकू नये. आणि बाई अशी खरी की मांजराला रिकामी बशी दाखवून बोलवायची नाही. जाळून नाही म्हणणं तिला जमणार नव्हतं.

"मग मी म्हटलं, भिजवू या," आत्याबाई म्हणाल्या. "भिजवू नये असं काही लिहिलं नव्हतं."

मी तोंडावर हात दाबून हसले. त्यापण हसल्या, बोळक्या तोंडानं. पुढचं ऐकून मात्र हसू गेलं. दोघींनी बंगल्याच्या मागच्या खोलीत घंगाळं मांडली. प्रत्येक बाईचे कागद वेगळे काढले, वेगळे भिजवले, वेगळे कुटले. मडमसाहेबांनी स्वतः मुसळ धरलं. हाताला फोड आले तर फडकं बांधून कुटलं. ज्या बाईचा लगदा तिची दुरडी. मग आत्याबाईंनी घरोघर जाऊन एकेकीच्या हातात एकेक दुरडी दिली आणि कानात सांगितलं: तुझं तुला परत आलं, कुणाला सांगू नको. बाकीचे शाळेचे, हिशेबाचे कागद शहरात गेले. आणि मडमसाहेबांनी अमेरिकेला कळवलं की कागद तारकाबाईच्या ताब्यात सुरक्षित आहेत. रिकाम्या ट्रंकेला कुलूप लावून दिलं ते कुणी चौकशी करू नये म्हणून.

मी विचारलं, मग ह्या बायकांतली एकसुद्धा काल का बोलली नाही? आठ-नऊजणी अजून जिवंत आहेत.

"प्रत्येकीला वाटतं तिचंच तेवढं होतं," त्या म्हणाल्या. "दुसरीच्या दुरडीत वर्तमानपत्र आहे असं तिला वाटतं."

मी उठलेच. म्हटलं, आत्ताच्या आत्ता मास्तरांच्या घरी जाते. कागद राहिले नाहीत, शाई उतरली, आता कोण काय वाचणार आहे? एक वाक्य बोलले की तुम्ही सुटलात.

त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हातात अजून एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"सांग. आणि मग बघ. उद्या सकाळी प्रत्येक घरात नवरा दुरडीकडे बघेल आणि बायकोला विचारील, तुझ्या दुरडीत काय होतं? नवरा नसेल तर लेक विचारील. सारजाच्या घरी शिमोनच पहिला विचारील."

सारजाबाई म्हणजे मास्तरांची आई. म्हणजे तीपण. मी खाली बसले.

"आणि तुमचं काय?" मी म्हणाले. "रविवारी तबक तुमच्या पुढून जाईल."

चिंच फोडणारा हात थांबला. त्यांनी हातातली चिंच पाटीत ठेवली. मग म्हणाल्या, "आता पुढच्या वेळेपर्यंत मी असते का नसते. एकदा मिळायला पाहिजे होतं, राहेल." एवढंच. आणि माझ्याकडून वचन घेतलं की जीभ आवरायची. मी बायबलवर हात ठेवून दिलं. माझ्यासारखीनं. हसू नका.

उठता उठता मी विचारलं की आपल्या घरातली दुरडी कुणाची?

"माझी," त्या म्हणाल्या आणि चिंचांची पाटी माझ्या हातात दिली.

शनिवारी मी आळीत फिरले. सांगायचं नव्हतं, वचन दिलं होतं. पण घरोघर जायला कुठे बंदी होती? भिजवू नये असं लिहिलं नव्हतं, तसंच. मार्थाबाई पाडळेकडे गेले. ती अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं करत होती. मी म्हणाले, उद्या तबक आत्याबाईंना चुकवून पुढे जाणार आहे, आणि ते माझ्यापाशी आलं की मी घेणार नाही, एवढं तुला कानावर घालायला आले.  तिच्या फळीवर दुरडी होती, निळीच्या पाण्यानं रंगवलेली. मी तिकडे बघितलं, तिनं मला बघताना बघितलं, आणि झटकन म्हणाली की चहा ठेवते. शलोमीकडे गेले. तिनं दुरडीवर फडकं टाकलं. तिसरीनं दुरडीत कांदे भरले होते, ते ती उगाचच पुन्हा निवडू लागली. मला असं झालं होतं की एकेकीला गदागदा हलवून सांगावं, अगं बायांनो, सगळ्यांचं होतं, सगळ्यांचं. जीभ दाताखाली धरून दुखायला लागली. तेवढं वाक्य सोडून बाकी तेच सगळीकडे म्हणाले आणि बाहेर पडले. एकीनंसुद्धा हो म्हटलं नाही.

सारजाबाईकडे शेवटी गेले. मास्तर घरी नव्हते. त्यांच्या बायकोनं स्टीलचे डबे आणले होते, झाकणाचे, भिंतीला ओळीनं मांडलेले. सारजाबाई दारात पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होती. मी माझं वाक्य सांगितलं. तिनं तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"माझी सून ती दुरडी फेकायला निघाली होती," ती म्हणाली. कोणती दुरडी ते मी विचारलं नाही. "मी म्हटलं, आधी मला फेक." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "शिमोन आत्ता येईल. तू जा."

रविवारी देऊळ भरून वाहत होतं. पुरुष उजवीकडे, बाया डावीकडे, म्हाताऱ्या पुढच्या सतरंजीवर. नीलिमाबाई माझ्या मागे बसली होती. संध्याकाळच्या गाडीनं ती परत जाणार होती. आत्याबाई पांढरं पातळ नेसून पहिल्या ओळीच्या टोकाला, त्यांच्या शेजारी मी. पाळकसाहेब नवीन होते, पोरसवदा, मास्तरांना भ्यायचे. उपदेश काय केला देव जाणे, मी ऐकला नाही. गीत झालं. मेजावरचं पांढरं फडकं काढलं. पाळकसाहेबांनी भाकर मोडली आणि तबक शिमोन मास्तरांच्या हातात दिलं.

मास्तर आमच्या ओळीपाशी आले. आत्याबाईंनी ओंजळ केलीच नव्हती. हात मांडीवर, मान ताठ. मास्तरांनी तबक त्यांच्या डोक्यावरून उचलल्यासारखं केलं आणि माझ्यापुढे धरलं.

मी मान हलवली. नाही.

त्यांनी डोळे वटारले. मी त्यांच्या डोळ्यांत बघत बसले. काय काय तोंडात आलं होतं सांगू, गुळाच्या पुडीपासून हेडमास्तरकीपर्यंत. सगळं गिळलं. ते पुढे सरकले.

माझ्या शेजारी मार्थाबाई. तिचा हात पदराखालून बाहेर आला आणि मला वाटलं, ही घेणार. पण तो हात तबकाकडे गेलाच नाही. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, हात परत मांडीवर ठेवला, आणि मान हलवली. नाही.

शलोमी. नाही. कांदेवाली. नाही. पुढची. त्याच्या पुढची.  देवळात इतकं शांत झालं की मास्तरांच्या नव्या चपलांचं करकरणं ऐकू येत होतं, आणि आपल्यात चपला काढून येतात हे त्या दिवशी ते विसरले होते. आणि मग मी काय बघितलं असेल? म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आधी चोरून, मग सरळ. शलोमीनं मार्थाकडे बघितलं, मार्थानं कांदेवालीकडे, आणि एकेकीच्या तोंडावर ते उमटायला लागलं, तूसुद्धा? तूसुद्धा? मी एक अक्षर बोलले नव्हते.  दुसऱ्या ओळीत तरुण बाया होत्या, त्यांना कशाचा पत्ता नव्हता, पण सासवा घेत नाहीत म्हटल्यावर त्यांनीही हात आखडले. आळीतल्या सगळ्या सुनांनी, मास्तरांच्या बायकोनंसुद्धा. मागे वळून बघितलं तर नीलिमाबाईनं पण मान हलवली होती.

तबक भरलेलंच परत निघालं.  शेवटी भिंतीला टेकून बसली होती ती त्यांची आई. गुडघ्यांमुळे ती नेहमी तिथेच बसायची. मास्तर तिच्यापुढे वाकले. सगळं देऊळ बघत होतं. सारजाबाईनं हात पुढे केला.

माझ्या मनात आलं, झालं, लेकापुढे आई हरली.

तिनं तुकडा उचलला नाही. तिनं तबकच धरलं, दोन्ही हातांनी, आणि लेकाच्या हातातून काढून घेतलं. मग भिंतीला पाठ घासत उभी राहिली. आमच्या देवळात शंभर वर्षांत बाईच्या हातात तबक गेलं नव्हतं. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी खाकरलं. पाळकसाहेब उठले आणि काय करावं न कळून परत बसले. सारजाबाई एकेक पाऊल टाकत, गुडघा कटकट वाजवत, सगळ्या ओळींच्या पुढून आत्याबाईंपर्यंत आली आणि वाकली.

"घे तारके," ती म्हणाली. "माझ्या लेकाचा हात दुखतोय."

आत्याबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्या दोघींत काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर मी विचारलं नाही. आत्याबाईंनी ओंजळ केली. सारजाबाईनं तुकडा उचलून त्यात ठेवला नाही, सरळ त्यांच्या तोंडात घातला, लेकराला घालतात तसा.

मग ती माझ्यापुढे आली. मी घेतला. मार्थानं घेतला. शलोमीनं, कांदेवालीनं, सगळ्यांनी. बाया रडत होत्या आणि हसत होत्या आणि चावत होत्या, सगळं एकदम. सारजाबाई थांबली नाही. बायांच्या ओळी झाल्या तशी ती मधली वाट ओलांडून पुरुषांकडे वळली. पहिल्या माणसानं तिच्याकडे बघितलं, हातांकडे बघितलं, आणि मुकाट्यानं ओंजळ केली.

सगळ्यात शेवटी ती शिमोनपुढे उभी राहिली. तो भिंतीपाशीच होता, रिकाम्या हातांनी, चपला काढून हातात घेतलेल्या. तिच्या तबकात एकच तुकडा उरला होता. तिनं तबक पुढे धरलं.

हेडमास्तरांनी चपला खाली ठेवल्या आणि आईपुढे ओंजळ केली.